युरोपातली म्युझियमं मोजायची कशी: जर्मनी पुढे की इटली?

कोणाला असाइनमेंटसाठी हवं असतं, कोणाला प्रेझेंटेशनसाठी, आणि एकदा तर आमच्या शेजारच्या काकांनी युरोप टूरहून आल्यावर सहज विचारलं होतं, की अरे तिकडे सगळ्यात जास्त म्युझियमं कुठल्या देशात आणि सगळ्यात जास्त लोक कुठे जातात? प्रश्न साधा वाटतो. सर्च केलं की पाच मिनिटांत आकडेही मिळतात. जर्मनी ६,७०० च्या वर, इटली ४,९०८, स्पेन दीड हजाराच्या आसपास, फ्रान्स बाराशेच्या वर. एक्सेलमध्ये टाकले, बार चार्ट काढला, झालं काम. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं आणि तो चार्ट बघून समोरच्याने एवढंच विचारलं, "फ्रान्समध्ये फक्त बाराशे? खरंच?" मग बसलो परत शोधायला, आणि लक्षात आलं की मी एका देशाचे सुटे आंबे मोजलेत, दुसऱ्याच्या पेट्या मोजल्यात आणि तिसऱ्याचे फक्त देवगड हापूस.

तर ज्यांना हे पहिल्यांदाच करायचंय त्यांच्यासाठी हे पायरी पायरीने लिहितोय. स्टॅटिस्टिक्सचं शिक्षण लागत नाही, एक्सेल किंवा गूगल शीट येत असलं की पुरे. वेळ मात्र लागतो, आणि तो जास्त करून आकड्यांखालच्या तळटीपा वाचण्यात जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

पायरी १: आधी प्रश्न एका ओळीत लिहा

हसू नका, खरंच कागदावर लिहा. कारण "म्युझियमांची तुलना" म्हटलं की त्यात तीन वेगवेगळे प्रश्न लपलेले असतात आणि तिघांचा डेटा तीन वेगळ्या ठिकाणी असतो. एक, देशात म्युझियमं किती आहेत. दोन, वर्षभरात तिथे किती वेळा लोक आत गेले. आणि तीन, देशातल्या लोकांपैकी किती टक्के लोक वर्षातून एकदा तरी म्युझियममध्ये जातात. पहिले दोन आकडे म्युझियमांकडून येतात. तिसरा घरोघरी किंवा फोनवर लोकांना विचारून येतो, म्हणजे त्याचा म्युझियमच्या गेटशी काही संबंधच नाही. हे तीन एका वाक्यात मिसळले की पुढचं सगळं फसतं, आणि पेपरातल्या बातम्यांमध्ये ते सर्रास मिसळलेले असतात.

पायरी २: आकडे कुठून आणायचे

पहिला थांबा एग्मस. हा युरोपातल्या म्युझियम-आकडेवारीवाल्यांचा गट आहे, २००२ साली सुरू झाला, आणि प्रत्येक देशातली एखादी सरकारी किंवा संशोधन संस्था त्याला आपला डेटा देते. सगळ्या देशांना एकच प्रश्नावली असते, त्यामुळे कॉलम सारखे दिसतात आणि नवीन माणूस इथेच फसतो, कारण कॉलमचं नाव सारखं असलं तरी प्रत्येक देश आपल्याकडे आहे तोच आकडा त्यात भरतो. आणि वर्षं पण वेगवेगळी असतात, एका देशाचं ताजं तर दुसऱ्याचं चार-पाच वर्षं जुनं. एग्मस वाले स्वतःच सांगतात की जपून तुलना करा, पण ती ओळ कोण वाचतं.

म्हणून एग्मसचा उपयोग पत्ता शोधायला करा: कुठल्या देशात हे काम कोण करतं एवढं तिथून घ्यायचं आणि मग मूळ संस्थेकडे जायचं. जर्मनीसाठी बर्लिनची इन्स्टिट्यूट फ्युअर म्युझियम्सफोरशुंग, ही १९८१ पासून दरवर्षी देशातल्या सगळ्या म्युझियमांना फॉर्म पाठवते. इटलीसाठी इस्टाट, म्हणजे तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय. स्पेनमध्ये संस्कृती मंत्रालय दर दोन वर्षांनी सर्व्हे करतं. फ्रान्समध्ये मंत्रालयाचा पाट्रिमोस्टाट नावाचा रिपोर्ट. भाषेची भीती बाळगू नका, मशीन ट्रान्सलेशनने भागतं, तक्ते तर बऱ्यापैकी अंदाजानेच कळतात. लोकांच्या टक्केवारीसाठी युरोस्टॅट (युरोपियन युनियनचं सांख्यिकी कार्यालय) आणि युरोबॅरोमीटर (युनियनचाच जनमत सर्व्हे), त्यांच्याकडे पुढे येतोच.

पायरी ३: "म्युझियम" म्हणजे काय, हे प्रत्येक देशाला विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते अर्धं काम ही एकच पायरी आहे.

जगात म्युझियमची एक अधिकृत व्याख्या आहे, आयकॉम या आंतरराष्ट्रीय संघटनेची. तिच्यावरून २०१९ मध्ये क्योटोला एवढा वाद झाला की मतदानच पुढे ढकललं, आणि शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला नवी व्याख्या पास झाली. नफ्यासाठी नसलेली, कायमस्वरूपी, लोकांना खुली संस्था वगैरे सगळं त्यात आहे. पण मोजणी करताना कुठलाही देश ती व्याख्या घेऊन रस्त्यावर उतरत नाही. प्रत्येकाकडे आधीपासून एक यादी असते आणि ती यादी कशी बनली यावर आकडा ठरतो.

फ्रान्सचे बाराशे घ्या. ४ जानेवारी २००२ च्या कायद्याने तिथे "म्युझे द फ्रान्स" असा एक दर्जा तयार झाला. हा दर्जा मिळाला की संग्रह सहजासहजी विकता येत नाही, सरकारची देखरेख असते, त्याबदल्यात मदतही मिळते. बाराशे हा त्या दर्जावाल्यांचा आकडा आहे. गावातल्या कुणी हौसेने उघडलेलं सायकलींचं किंवा चीजचं म्युझियम त्यात नाही. हे माझे देवगड हापूस, जीआय टॅगवाले.

जर्मनीत उलट. तिथे कायद्याचा असा शिक्का नाही, यादी इन्स्टिट्यूट स्वतः ठेवते आणि तिच्यात गावोगावची लहान लहान घरं असतात, जुनी शेतीची अवजारं, चरखे, शाळेचे बाक ठेवलेली. जर्मन म्युझियमांपैकी निम्म्याच्या जवळपास अशी स्थानिक इतिहासाची किंवा लोकजीवनाचीच आहेत. निम्म्याहून जास्त म्युझियमांना वर्षाला पाच हजारसुद्धा लोक येत नाहीत. म्हणजे फ्रान्सला जर्मनीची फूटपट्टी लावली तर आकडा कुठल्या कुठे जाईल.

ब्रिटनमध्ये तर दोन टोकं एकाच देशात सापडतात. अॅक्रेडिटेशन (म्हणजे ठरावीक दर्जा पाळल्याची अधिकृत मान्यता) मिळालेली म्युझियमं मोजली तर साधारण १,७००. आणि लंडनच्या बर्कबेक कॉलेजच्या संशोधकांनी १९६० पासून कधी ना कधी सुरू असलेली, पुढे बंद पडलेलीसुद्धा, सगळी शोधली तेव्हा चार हजारांवर नोंदी निघाल्या. दोन्ही आकडे बरोबर आहेत! तुम्ही कुठला घेताय ते फक्त सांगा.

फिनलंडची आकडेवारी व्यावसायिक पद्धतीने चालवलेल्या म्युझियमांचीच असते, म्हणजे पगारी तज्ज्ञ असलेली. गावातल्या स्वयंसेवकांनी चालवलेली शेकडो घरं बाहेर राहतात. आणि इटलीत म्युझियमांबरोबर पुरातत्त्व स्थळं आणि स्मारकंही एकाच सर्व्हेत येतात. वरचा ४,९०८ हा २०१८ चा आकडा फोडला तर ३,८८२ म्युझियमं आणि गॅलऱ्या, ३२७ पुरातत्त्व स्थळं, ६३० स्मारकं आणि ६९ इको-म्युझियमं.

प्राणिसंग्रहालय आणि बोटॅनिकल गार्डनचं तर विचारूच नका. आयकॉमच्या जुन्या व्याख्येत ती म्युझियममध्ये धरायचे, जर्मनी आपल्या मोजणीत धरत नाही. जुना आंतरराष्ट्रीय डेटा आणि नवा राष्ट्रीय डेटा जोडताना हे हटकून आडवं येतं.

मग करायचं काय? शीटमध्ये प्रत्येक देशापुढे चार रकाने काढा: यादी कोण ठेवतं, दर्जाची अट आहे का, स्मारकं धरलीत का, लहान म्युझियमांना काही किमान अट आहे का. हे चार भरल्याशिवाय आकड्याचा रकाना भरायचा नाही, एवढा एक नियम पाळा.

पायरी ४: वाडा मोजला की बिऱ्हाडं?

एका वाड्यात सात बिऱ्हाडं असली तर घरं किती, एक की सात? बर्लिनच्या म्युझियम आयलंडवर पाच म्युझियमं आहेत आणि ती सगळी एकाच संस्थेची. काही देश संस्था मोजतात, काही इमारती, काही शाखा धरून मोजतात. पोलंडच्या तक्त्यात म्युझियमं आणि त्यांच्या शाखा असं मिळून येतं. फिनलंडमध्ये दीडशेच्या आसपास संस्था आहेत पण त्यांच्या जागा तीनशेच्या वर.

सगळ्यात मजेशीर नॉर्वे. तिथे २००० नंतर सरकारने म्युझियम-सुधारणा केली आणि लहान लहान म्युझियमं एकत्र करून मोठ्या प्रादेशिक संस्था बनवल्या. आकडेवारीत म्युझियमं धडाधड कमी झाली. प्रत्यक्षात घरं तिथेच, कुलपं तिथेच, फक्त पाटीवरचं नाव बदललं. कोणी "नॉर्वेत म्युझियमं बंद पडतायत" असा चार्ट दाखवला तर आधी हे विचारा.

पायरी ५: माणसं की फेऱ्या

गणपतीत एका संध्याकाळी एकाच माणसाने दहा मंडळं पाहिली तर दहा मंडळांच्या वहीत एकेक धरून दहा भरतात, माणूस एकच. म्युझियमांचे आकडे असेच फेऱ्यांचे असतात. तक्त्यात कधी कधी "व्हिजिटर्स" लिहिलेलं असतं, इटालियनमध्ये "विझितातोरी" म्हणजे शब्दशः माणसं, पण मोजलेली असते एंट्री. लाँग नाइट ऑफ म्युझियम्ससारख्या रात्री, जी बर्लिनमध्ये १९९७ ला सुरू झाली, एका तिकिटावर माणूस पाच-सहा ठिकाणी जाऊन येतो, आणि प्रत्येक दारात तो नव्याने मोजला जातो. उलटही होतं. रोममध्ये कोलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन टेकडी एकाच तिकिटात, तिन्ही बघितले तरी मोजणीत एकच.

दारात मोजतात कसं हेही बघा. तिकीट असलं तर हिशोब पक्का. पण ब्रिटनच्या राष्ट्रीय म्युझियमांचा कायमचा संग्रह डिसेंबर २००१ पासून सगळ्यांना फुकट आहे, मग तिथे दारावरचे सेन्सर किंवा कॅमेरे मोजतात, आणि पावसात आडोशाला आलेला, टॉयलेटला आलेला, कॅफेत मित्राला भेटायला आलेला सगळे आत. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ब्रिटिश म्युझियमचे २०२३ चे ५८ लाख आणि पॅरिसच्या तिकीटवाल्या लूव्हरचे ८९ लाखांच्या आसपास यांची उंची एकाच चार्टवर मोजताना हे डोक्यात असू द्या. स्वीडनने यावर चांगला उपाय काढलाय. ते दोन आकडे ठेवतात, एक आवारात आलेल्यांचा आणि एक प्रत्यक्ष प्रदर्शन-कार्यक्रमाला आलेल्यांचा. तुलना करताना कुठला उचलताय ते बघा, नाहीतर उगाच स्वीडन उड्या मारताना दिसेल.

मोठ्या तिकीटवाल्या म्युझियमांच्या आकड्यात आणखी एक अडचण असते, कमाल मर्यादा. लूव्हरने २०१८ मध्ये १ कोटी २ लाखांचा विक्रम केला. आता दिवसाला साधारण ३० हजारच आत सोडतात. त्यामुळे आकडा वाढत नाही म्हणजे लोकांना नकोय असं होत नाही, दार अरुंद केलंय.

पायरी ६: एक खरी तुलना करून बघू

काकांच्या प्रश्नाकडे येऊ. २०१८ हे वर्ष घेऊ, कारण कोविडच्या आधीचं आहे आणि दोन्हीकडचा डेटा आहे.

इटली: ४,९०८ जागा, १२ कोटी ८० लाखांच्या आसपास फेऱ्या, लोकसंख्या साधारण ६ कोटी. जर्मनी: ६,७०० च्या वर म्युझियमं, ११ कोटी १० लाखांच्या वर फेऱ्या, लोकसंख्या ८ कोटी ३० लाख.

आता भागाकार करा. लाख लोकसंख्येमागे जागा काढल्या तर दोन्हीकडे साधारण आठ येतात, म्हणजे जर्मनीची आघाडी एका झटक्यात गायब. इटलीची स्मारकं आणि पुरातत्त्व स्थळं बाजूला ठेवून फक्त ३,८८२ घेतली तर इटली साडेसहाच्या खाली येतो आणि जर्मनी परत पुढे. बघा, आकडे तेच, फक्त एक रकाना हलवला.

फेऱ्यांचं बघा. माणशी इटली २.१, जर्मनी १.३. इटालियन लोक जास्त हौशी असं लगेच लिहू नका. कोलोसियमचा परिसर ७६ लाख आणि रोममधलंच पँथिऑन ८९ लाखांच्या आसपास, या दोनच जागा मिळून इटलीच्या एकूण आकड्याचा साधारण आठवा हिस्सा होतो. पँथिऑन तेव्हा फुकट होतं, तिकीट लागलं जुलै २०२३ पासून, ५ युरो. मंदिराचं चर्च झालेली ती इमारत जर्मन व्याख्येत म्युझियम म्हणून बसेल की नाही हाच प्रश्न आहे. वर पर्यटक. भागाकारात खाली फक्त इटालियन लोकसंख्या आणि वर अर्ध्या जगाचे टुरिस्ट, त्यात आमचे काकासुद्धा. पॅरिसमध्ये तर लूव्हरला येणाऱ्यांत साधारण ७० टक्के परदेशीच असतात.

आणि हो, काकांनी रोममध्ये जे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं ते व्हॅटिकन म्युझियम इटलीच्या आकड्यात नाहीच. वेगळा देश. वर्षाला ६० लाखांहून जास्त फेऱ्या होतात तिथे कोविडच्या आधी, आणि आपल्या शीटमध्ये शून्य.

जर्मनीच्या बाजूलाही एक गोष्ट आहे. इन्स्टिट्यूट फॉर्म सगळ्यांना पाठवते पण उत्तर सगळे देत नाहीत, आणि एकूण आकडा म्हणजे ज्यांनी कळवलं त्यांची बेरीज. म्हणजे खरा आकडा थोडा वरच असणार. सरासरी काढताना पण सांभाळा: एकूण फेऱ्यांना म्युझियमांनी भागलं तर सोळा-सतरा हजार येतात, पण वर म्हटलं तसं निम्म्यांना पाच हजारही मिळत नाहीत. सरासरी म्हणजे इथे बर्लिन-म्युनिकच्या मोठ्या घरांनी वर खेचलेला आकडा आहे.

काकांना मी हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुलाही माहीत नाही." असो.

पायरी ७: लोकांना विचारलेले टक्के वेगळ्या शीटवर

देशातले लोक किती जातात हे खरंच हवं असेल तर सर्व्हेकडे जा. २०१३ च्या युरोबॅरोमीटरमध्ये विचारलं होतं की गेल्या बारा महिन्यांत म्युझियम किंवा गॅलरीत गेलात का. युरोपियन युनियनमध्ये ३७ टक्के हो म्हणाले. स्वीडन ७६ टक्के, ग्रीस १६ टक्के. आता ग्रीसमध्ये अॅक्रोपोलिस म्युझियमसमोर रांगा असतात, मग हे कसं? कारण रांगेत बाहेरचे जास्त. शिवाय तेव्हा तिथे आर्थिक संकट ऐन भरात होतं हेही विसरू नका. पायरी ५ चे आकडे आणि हे टक्के एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसले तर घाबरू नका, दोघं वेगळ्या माणसांबद्दल बोलतायत.

युरोस्टॅटचा सर्व्हे घ्याल तर प्रश्नाचे शब्द वाचा. तिथे म्युझियम, स्मारक, गॅलरी आणि पुरातत्त्व स्थळ हे सगळं "सांस्कृतिक स्थळ" म्हणून एकाच प्रश्नात येतं. युरोबॅरोमीटरचा आणि हा एका रेषेत जोडून ट्रेंड काढू नका, मी काढलेला पाहिलाय.

पायरी ८: वर्षं आणि खड्डे

एकाच देशाची वीस-तीस वर्षं बघणं हे दोन देश बघण्यापेक्षा जास्त भरवशाचं असतं, निदान मोजणारा एकच असतो. पण तिथेही खड्डे आहेत. जर्मनीत १९९० ला पूर्वेकडची म्युझियमं आल्यावर आकडा उडी मारतो. २०२० ला सगळीकडे दरी, लूव्हरच एका वर्षात ९६ लाखांवरून २७ लाखांवर आलं. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची मुख्य इमारत २००३ ते २०१३ दुरुस्तीला बंद होती, बर्लिनचं पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे. लहान देशात असं एक मोठं घर बंद झालं की राष्ट्रीय आकडाच खाली बसतो. फुकट प्रवेश सुरू-बंद झाल्याच्या तारखाही शोधा, स्वीडनमध्ये २००५ ला सुरू, २००७ ला बंद, २०१६ ला परत सुरू. आणि ब्रेक्झिटमुळे ब्रिटन २०२० नंतर युरोस्टॅटच्या नव्या तक्त्यांत शोधू नका.

पायरी ९: एक्सेलची कटकट

इथे आपल्या लोकांची खास तारांबळ होते. जर्मन तक्त्यात हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो, बरोबर आपल्या उलट. ६.७४१ दिसलं की एक्सेल त्याला पावणेसात समजतं. फ्रेंच तक्त्यात मधे रिकामी जागा, मग ते टेक्स्ट म्हणूनच येतं आणि बेरजेत धरलंच जात नाही, आणि एररही येत नाही. त्यात मिलियनचे लाख-कोटी करताना एक शून्य सांडतं. सगळं आधी मिलियनमध्येच ठेवा, मराठीत लिहितानाच शेवटी कोटी करा, आणि दहा मिलियन म्हणजे एक कोटी हे शीटच्या वरच लिहून ठेवा. युरोस्टॅटमध्ये कोलनचं चिन्ह म्हणजे आकडा उपलब्ध नाही, शून्य नव्हे. आकड्याशेजारी बी (b) हे अक्षर असेल तर तिथे मोजण्याची पद्धत बदललीय, पी (p) म्हणजे तात्पुरता, ई (e) म्हणजे अंदाज. ग्रीसचा कोड तिथे ईएल (EL) आहे, जीआर (GR) शोधत बसलात तर सापडणार नाही, माझी यात एक दुपार गेलीये.

पहिला प्रयत्न दोनच देशांचा करा, आणि एकच वर्ष. चार्टखाली लहान अक्षरात चार ओळी टाका: कोणी मोजलं, काय धरलं, फेऱ्या की माणसं, किती जणांनी उत्तर दिलं. त्या चार ओळी जागेत मावत नाहीत म्हणून कोणी काढायला सांगितल्या तर चार्टचा फॉन्ट लहान करा, ओळी ठेवा.